मालकांची शाळा, तात्पुरत्या बाई

किस्से हे लहान मुलाच्या दुपट्यांसारखे असतात. एक धुऊन वाळत घालावं, तोवर घरात आणखी दोन ओली होऊन पडलेली! आमच्या शाळेतले किस्से असेच माझ्याजवळ साठत गेलेत. कोणी पाहुणी आली की मी एक सांगते, तो संपायच्या आत दुसरा आठवतो, आणि ऐन रंगात आला की बेबी उठते. म्हणून म्हटलं, एकदा बसून लिहूनच काढावेत. बेबी आत्ता झोपली आहे. दर दोन मिनिटांनी उठून तिचा श्वास चालू आहे ना ते मी बघून येते. तेव्हा लिहिण्यात सलगपणा नसला तर सांभाळून घ्या.

शाळा पारनेर तालुक्यातल्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच राहायचंय! शाळा संस्थेची आणि संस्था मालकांची. मालक म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. तेलाची गिरणी, दोन ट्रक, एक जीप, गावातली सगळ्यात खोल विहीर आणि गावातला एकुलता एक टेलिफोन त्यांचा. त्यांना नावाने कोणी हाक मारत नाही. त्यांचं नाव मला पहिल्यांदा कळलं ते शाळेच्या पाटीवरून.

मी आठवी-नववीला मराठी शिकवते. बी.एड. आहे, पण तात्पुरती. दोन वर्षं भरली की शाळा समिती 'कायम' करते. म्हणजे मालकांच्या मनात आलं तर करते. आमचे हे नगरला पाटबंधारे खात्यात, पण रोजंदारीवर. दर शनिवारी येतात आणि म्हणतात, "घरात एक तरी माणूस कायम पाहिजे गं." आणि सोमवारी पहिल्या गाडीने जातात. उरले कोण? मी आणि बेबी. बेबीचं तर अजून शिक्षण व्हायचंय.

बाळंतपणाच्या रजेचा अर्ज घेऊन गेले तेव्हा मालक तो उलटासुलटा बघून म्हणाले होते, "काय बाई, दोन वर्सं दम न्हाई निघाला?"

त्या दिवसापासून कुठेही 'मालक' असा शब्द ऐकला की मी आधी उठून उभी राहते.

*

बेबी पाच महिन्यांची असताना एका सकाळी तिचं अंग गरम लागलं. मी तशीच तिला गुंडाळून नगरच्या डॉक्टरांकडे निघाले. (डॉक्टर म्हणाले, "ताप नाहीये. तुम्ही तिला दोन स्वेटर घातलेत." पण ते नंतर.)

एसटी मालकांच्या बंगल्यासमोर थांबली ती थांबलीच. "मालकीणबाई येत्यात," कंडक्टर म्हणाला. दहा मिनिटं झाली. वीस झाली. ड्रायव्हरने खाली उतरून तंबाखू मळली, एक आजोबा उतरून दाढी करून आले, पण "गाडी सोडा" म्हणायची कोणाची छाती होईना. मी पुढच्या खिडकीत बसून बेबीचं कपाळ चाचपत होते. दर वेळी ते मागच्यापेक्षा गरमच लागायचं.

अर्ध्या तासाने मालकीणबाई बाहेर आल्या. हातात ही एवढी लोणच्याची बरणी!

"मी न्हाई येत," म्हणाल्या. "एवढी बरणी माझ्या भैनीला द्या नगरात." आणि आत गेल्या.

कंडक्टरने बरणी दोन्ही हातांत देवासारखी धरली, सगळ्या गाडीवरून नजर फिरवली आणि माझ्यापाशी येऊन थांबला. "बाई, जरा उठता का? पुढच्या सीटला हादरे कमी बसत्यात."

"अहो, माझ्या मांडीवर तान्हं मूल आहे!"

"बाई, बरनी सांडली तर माझी नोकरी जाईल. तुमचं लेकरू काय सांडत न्हाई!"

सुप्याला एक जण उतरला तेव्हा मला जागा मिळाली. बरणीच्या शेजारची.

*

टेलिफोन एकच असल्यामुळे नगरहून ह्यांचा फोन आला की तो मालकांच्या घरी येई. तिथला मुनीम ऐकून घेई, तो आमच्या शाळेच्या शिपायाला, गेणूमामांना सांगे, आणि गेणूमामा मला. मामांना ऐकू जरा कमी येतं, त्यामुळे ते सगळ्या जगाला कमी ऐकू येतं असं धरून बोलतात.

नववीवर माझा तास चालला होता. मागच्या बाकावर हेडसर माझं अध्यापन बघायला बसलेले. पुढच्या बाकावर मालकांचा मुलगा संपत. मी फळ्याकडे वळले आणि दारातून मामांचा आवाज आला, "बाईऽऽ! मालकांचा फोन हुता! लई आठवन येती म्हनले!"

माझ्या हातातला खडू पडला. पन्नास मुलं माझ्याकडे बघायला लागली. संपत कानापर्यंत लाल.

"शनवारी येत्यात! वाट बघा म्हनले!"

खेड्यात नवऱ्याला मालक म्हणतात हे मला पुस्तकातून माहीत होतं हो. पण त्या क्षणी कुठलं पुस्तक आठवायला! मी कशीबशी म्हणाले, "कुठले मालक, मामा?"

मामांनी माझ्याकडे फार करुणेने पाहिलं. "आता बाई, बाईमानसाला मालक काय दोन-चार आसत्यात व्हय? तुमचंच की! नगरचं!"

तास संपल्यावर हेडसरांनी मला बाजूला बोलावलं. हेडसर म्हणजे सदा टीपकागद हातात धरून बसणारे सालस गृहस्थ. कुणाला रागवायचं झालं तरी आधी त्यांनाच घाम फुटतो. म्हणाले, "बाई, शाळेच्या हितासाठी एक करा. तुमच्या मालकांना यापुढे 'साहेब' म्हणत चला."

असे आमचे हे रोजंदारीवर असतानाच साहेब झाले!

*

आठवी ब चा वर्ग मालकांच्या पेंडीच्या गोदामात भरतो. शाळेला खोल्या कमी, म्हणून मालकांनी मोठ्या मनाने दिलंय. दुष्काळाच्या साली तिथे गारवा म्हणून त्यांची म्हैसही बांधलेली असे, फळ्याच्या डाव्या हाताला. आम्हाला सवय झाली होती. पण तपासणीला आलेल्या साहेबांना नव्हती.

"ही म्हैस इथे कशी?" साहेब कडाडले.

हौसा नावाची मुलगी चटकन उभी राहिली. "सर, ती हितंच ऱ्हाती. आमीच पाव्हने हाय!"

*

आठवी-नववीचा एकत्र व्याकरणाचा तास. मी म्हणाले, क्रिया करतो तो कर्ता. ज्याच्यावर क्रिया घडते ते कर्म. उदाहरण देताना माझी जीभ कुठे घसरली देव जाणे! फळ्यावर लिहून गेले, 'मालक गाडी चालवतो.'

"बाई, 'चालवतो' न्हाई, 'चालवतात'," संपत म्हणाला. मी घाईघाईने दुरुस्त केलं.

"तर यात कर्ता कोण?"

हौसाचा हात वर. "डायवर!"

"अगं, वाक्यात ड्रायव्हर आहे का?"

"वाक्यात नसंल बाई, गाडीत हाय की! मालक कवा गाडी चालवत्यात? गाडी डायवर चालवतो, गिरनी कामगार चालवत्यात, शाळा हेडसर चालवत्यात. मालक कर्ता न्हाईत, बाई. त्यांना समदे नेत्यात-आनत्यात. ते कर्म हाईत!"

व्याकरणाच्या दृष्टीने मुलीचं म्हणणं खोडता येईना. संपत मात्र वहीत काहीतरी लिहून घेत होता. झालं! चार दिवस मला जेवण गेलं नाही. मी काळजी करते म्हणून दूध कमी येतं आणि दूध कमी येतं म्हणून मी काळजी करते, असं चक्र सुरू झालं. "संपतने घरी सांगितलं असेल का हो?" मी सगळ्या स्टाफला विचारून झाले.

पाचव्या दिवशी गेणूमामा निरोप घेऊन आले. "बाई, मालकांनी इचारलंय, कर्म म्हंजी चांगलं का वाईट?"

मी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी टीपकागदाकडे पाहिलं.

"चांगलं," मी म्हणाले. "फार चांगलं. कर्माशिवाय वाक्याला शोभा नाही म्हणावं."

पुढच्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या सभेत मालक छातीवर हात ठेवून सांगत होते म्हणे, "मी ह्या गावाचा कर्ता न्हाई. मी ह्या गावाचं कर्म हाय!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

*

मालकांच्या मुलीचं लग्न निघालं तेव्हा शाळेत एक तक्ता लागला. परीक्षेच्या सुपरव्हिजनचा लागतो तसा. ड्रॉइंगचे सर रांगोळ्या. गणिताचे सर पंगतींचा अंदाज. विज्ञानाचे सर गॅसबत्त्या. मी मंगलाष्टकं रचायची. सूचना अशी की घरातल्या सगळ्यांची नावं आली पाहिजेत, शिवाय तेलाची गिरणीही. आता शार्दूलविक्रीडितात ऑइल मिल बसवून बघा एकदा! बेबीला मांडीवर हलवत हलवत मी आठ दिवस गण पाडत होते. ती त्या चालीवर झोपायची, मी जागी.

पण खरी गंमत साळवेसरांनी केली. साळवेसर आमचे ड्रिल मास्तर. नगरचे, मिशनच्या शाळेत शिकलेले; आवाज असा की दोन शेतांपलीकडचे बैल थांबावेत. त्यांच्याकडे काम होतं मुलांना मांडवात दोन्ही बाजूंनी रांगेत उभं करायचं. गणवेशात दोनशे मुलं, प्रत्येकाच्या मुठीत अक्षता. आठ दिवस तालीम चालली होती. हिंदू लग्नात शेवटी नेमकं काय म्हणतात याची चौकशी करायची साळवेसरांना गरज वाटली नाही, आणि आम्हाला कोणाला सांगायचं सुचलं नाही.

अंतरपाट धरला. भटजींनी माझं पहिलं मंगलाष्टक गिरणीसकट व्यवस्थित पार पाडलं आणि सूर लावला, "शुभमंगल साऽवधाऽऽन!"

खाड्! दोनशे पाय एकदम आपटले. मान ताठ, नजर समोर, मुठी मांडीला चिकटलेल्या. एक अक्षत उडाली नाही! नवरदेव एन.सी.सी.त होता बिचारा. तोही ताठ झाला.

भटजींनी बावरून साळवेसरांकडे पाहिलं. साळवेसरांना वाटलं, पुढची ऑर्डर मागतायत. त्यांनी दिली. "विश्राऽऽम!"

दोनशे हात पाठीमागे गेले. अक्षता सगळ्या मागे बसलेल्या बायकांच्या मांडीवर!

असं आठ वेळा झालं. सावधान, विश्राम, सावधान, विश्राम. नवरीची आजी प्रत्येक खाड्ला दचकून हात जोडत होती. शेवटी वरपक्षाकडला एक म्हातारा उठून ओरडला, "ओ मास्तर, सुट्टी द्या की आता! नवरा-नवरीला पाय दुखायला लागले!"

आम्ही सगळे अर्धमेले. आता साळवेसर जाणार आणि त्यांच्या मागोमाग आपणही, असं मी धरून चालले. पण मालक व्याह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बगा शिस्त! आमच्या हितं लगीनसुदिक शिस्तीत लागतं!"

त्या उन्हाळ्यात शाळेला आणखी चार लग्नांची आमंत्रणं आली. कवायतीसह.

*

मालकांना कार्यक्रमाला यायला जमलं नाही की त्यांचा कोट येतो. ही पद्धत माझ्या आधीपासूनची आहे. कोणी पाडली विचारू नका. बक्षीस समारंभाच्या दिवशी मालकांची नगरच्या कोर्टात तारीख निघाली, आणि साडेदहाला जीपमधून बंद गळ्याचा काळा कोट उतरला.

आम्ही उठून उभे राहिलो. आता हसू येतं, पण तेव्हा उठलो. कोट खुर्चीवर चढवला. हेडसरांनी हार घातला. "अध्यक्षांच्या शुभहस्ते बक्षीस वितरण होईल," असं छापून गेलेलं होतं, आणि हात तर नव्हता. मग गेणूमामा खुर्चीमागे वाकून बसले, त्यांनी कोटाच्या बाहीत हात घातला आणि मुलं एकेक येऊन बाहीकडून वह्या घेऊन, बाहीला नमस्कार करून गेली. आमची बेबी मालकांना बघून नेहमी भोकाड पसरते. कोटाकडे बघून खुदकन हसली.

चहा आला. कोटापुढे कप ठेवला. तो निवायला लागला, पण अध्यक्षांचा कप उचलायचा कोणी?

"मी पितो," खुर्चीमागून मामांचा आवाज आला. "हात माझाच हाय."

पारनेरहून फोटोग्राफर बोलावला होता. त्याने मुकाट्याने फोटो काढला: मधे कोट, भोवती आम्ही. आठ दिवसांनी फोटो मालकांकडे गेला. ते तो उजेडात धरून बराच वेळ बघत होते.

"फोटू झ्याक आलाय," म्हणाले. "पर मी जरा वाळल्यावानी दिसतोय."

*

आता हा मार्चमधला.

माझी दोन वर्षं भरत आली होती. अशात एका दुपारी हेडसर माझ्या टेबलापाशी येऊन उगाच खडूच्या डब्या सरळ करत बसले. मग म्हणाले, "बाई, तुमचा विषय समितीपुढे घ्यायचाय. पण... मालकांच्या भाच्याची बायको बी.एड. झालीय. मालक म्हणाले, विषय घ्या, चर्चा करा, आणि बाईंना नारळ द्या."

मी विचारलं, "नारळ शाळेचा की त्यांचा?" घाबरले की मी असं काहीतरी बोलते.

त्यावर हेडसरांनी खिशातून कागद काढला. सभेची विषयपत्रिका. शाळेत माझं अक्षर बरं, म्हणून तिच्या प्रती नेहमी मीच काढते. म्हणजे मला नारळ द्यायचं आमंत्रण माझ्याच वळणदार अक्षरात! बेबीला सांभाळणारी सखूमावशी त्या दिवशी बहिणीकडे गेली होती, त्यामुळे बेबी माझ्या मांडीवर. तिला दात येत होते. ती माझा पदर चावत होती, मी ओठ.

हेडसरांच्या कच्च्या कागदावर विषय ओळीने होते. पहिला, नेहमीचा. दुसरा, नवीन बाके. तिसरा, कौले शाकारणे. आणि माझं नाव राहून गेल्यासारखं कडेला समासात, तिथून निघालेला एक बाण. बाण वर गेला होता. हेडसरांचा बाण, मी कोण त्याला वाकवणार? आणि त्या वेळी माझं डोकं कुठे होतं! जिथे बाण टेकला होता तिथे मी ते नाव घातलं, सहा प्रती काढल्या, आणि घरी जाऊन रडले.

सभेचा दिवस. मालक मधे, दोन्ही बाजूंना पाच सभासद, कोपऱ्यात वृत्तान्त लिहायला मी. आमच्या सभेचा पहिला विषय जन्मापासून एकच आहे: 'मागील सभेचा वृत्तान्त वाचून कायम करणे.' तो कोणी वाचत नाही. हेडसर हे वाक्य एका श्वासात म्हणतात, मालक सुपारी कातरता कातरता "कायम!" म्हणतात, मागून पाचही जण "कायम, कायम" करतात आणि मग सभेला सुरुवात होते.

हेडसर उठले. घाम पुसला. आणि एका श्वासात म्हणाले, "विषय पहिला मागील सभेचा वृत्तान्त व सौ. वसुधा भालेराव सहशिक्षिका यांना वाचून कायम करणे."

माझं पेन थांबलं.

अडकित्ता वाजला. कट्. "कायम!" मालक म्हणाले.

"कायम." "कायम." "कायम, कायम." "कायम."

"विषय दुसरा," हेडसर मान वर न करता म्हणाले, "नवीन बाके."

बाकांवर अर्धा तास गेला. कौलांवर पाऊण. कोण काय बोललं ते मला आठवत नाही. त्या दिवशीच्या वृत्तान्तात 'कौले' ऐवजी मी दोनदा 'बेबी' लिहिलंय. चहा झाला, सभासद टोप्या नीट करून उठायला लागले, तेव्हा मालकांनी माझ्याकडे बोट केलं.

"आन् ह्या बाईंचा इषय? त्यो ऱ्हायला की, हेडमास्तर!"

"झाला, मालक."

"कवा?"

"पहिलाच."

मालकांनी अडकित्ता खाली ठेवला. "मी काय म्हनलो?"

हेडसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं आणि कोणाच्या तरी भलत्याच बारीक आवाजात वाचलं, "कायम म्हणालात."

उठलेले सभासद परत बसले. त्यांतले सगळ्यात वडील गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, "व्हय मालक. तुमी म्हनला, तवाच आमीबी म्हनलो."

मालकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. पाचही तोंडं त्यांच्याकडेच बघत होती. मग त्यांनी सुपारीचं खांड उचललं, गालात टाकलं आणि सावकाश चघळलं.

"मी म्हनलो?"

"व्हय, मालक."

"मग इचार करूनच म्हनलो आसंल!"